टीकॅस 'वर' म्हणतोय, एटीसी 'खाली' म्हणतोय: ऐकायचं कोणाचं?

डावी_खुर्ची

गेल्या आठवड्यात दोन नव्या को-पायलट मुलांना घेऊन सिम्युलेटरमध्ये बसलो होतो. रात्री अडीचचा स्लॉट, उंची ३४ हजार फूट. मागच्या खुर्चीवरून मी त्यांच्या वाटेत एक विमान आणून सोडलं. आधी टीकॅसचं (टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचं) 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' झालं, मग थोड्या वेळानं 'डिसेंड, डिसेंड'. नेमकं त्याच क्षणी मी एटीसी, म्हणजे जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक, होऊन रेडिओवर सांगितलं, 'ताबडतोब ३५ हजारांवर चढा.' विमान चालवणाऱ्या मुलाचा हात साइडस्टिकवर थबकला. चार सेकंद गेले आणि त्यानं नाक वर उचललं.

मी सिम्युलेटर थांबवला. मुलगा हुशार आहे. अशा वेळी टीकॅसचंच ऐकायचं, हा नियम विचारला असता तर झोपेतून उठवूनही बरोबर सांगितला असता. मला म्हणाला, "सर, तो माणसाचा आवाज होता ना, म्हणून."

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. इथे विमानप्रवास करणारे बरेच आहेत आणि या क्षेत्रातलेही दोन-चार आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टीकॅस म्हणजे विमानात बसवलेली, टक्कर टाळणारी यंत्रणा. आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरना (आपोआप उत्तर पाठवणाऱ्या रेडिओयंत्रांना) ती साधारण सेकंदाला एकदा 'कुठे आहेस, किती उंचीवर आहेस?' असं विचारत राहते. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर समजतं, उत्तरातून उंची मिळते आणि दोन्हींवरून गाठ पडायला किती सेकंद उरलेत हे काढता येतं. हिशोब सगळा सेकंदांचाच असतो. ताशी ८०० किलोमीटरनं समोरासमोर येणारी दोन विमानं सेकंदाला जवळजवळ ४५० मीटर जवळ येतात. रात्री समोर दिसणारा ठिपका जवळ येतोय की लांब जातोय, हे डोळ्याला कळेपर्यंत वेळ संपलेली असते.

पहिली सूचना टीए. 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हणजे शोधा आणि तयार राहा, पण अजून काही करू नका. दुसरी आरए, आणि तो हुकूम असतो. 'क्लाइंब', 'डिसेंड' किंवा 'लेव्हल ऑफ'. समोरच्या पडद्यावर व्हर्टिकल स्पीडच्या, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या वेगाच्या, पट्टीवर लाल आणि हिरवा भाग उमटतो. मी चालवत होतो त्या विमानात क्रम असा: ऑटोपायलट बंद, दोन्ही फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं न्यायचं हे पडद्यावर दाखवणाऱ्या रेषा) बंद, सुई लालातून काढून हिरव्यात न्यायची. पाच सेकंदांत सुरुवात झाली पाहिजे. बरेचदा मिनिटाला १५०० फूट एवढाच वेग मागितलेला असतो, त्यामुळे झटका मारायची गरज नसते. दुसरा पायलट रेडिओवर 'टीकॅस आरए' एवढंच बोलतो.

त्या मुलाला मी जे समजावू पाहत होतो ते पुढे आहे. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर हुकूम सुटण्याआधी ती दोन यंत्रं आपसात ठरवतात की तू वर, मी खाली. तुमच्या कॉकपिटमध्ये 'डिसेंड' ऐकू येतं तेव्हा समोरच्या कॉकपिटमध्ये तुमच्यासारखाच कोणीतरी 'क्लाइंब' ऐकत असतो. त्याचं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही, त्याची भाषा कदाचित तुम्हाला येत नाही. पण तो वर जातोय तो तुम्ही खाली जाणार या भरवशावर. तुम्ही वर गेलात तर थेट त्याच्या वाटेत जाता. आरए न पाळण्यापेक्षा तिच्या उलट जाणं कैक पटींनी भयंकर आहे.

१ जुलै २००२ची रात्र. दक्षिण जर्मनीत उबरलिंगन गावावरचं आकाश, पण नियंत्रण स्वित्झर्लंडच्या झुरिकमधून. मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेलं बश्किरियन एअरलाइन्सचं तुपोलेव १५४ आणि बेर्गामोहून ब्रसेल्सला जाणारं डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७, दोन्ही ३६ हजार फुटांवर. झुरिकच्या खोलीत एकच कंट्रोलर दोन टेबलं सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेलेला. देखभालीच्या कामामुळे टकरीचा धोका पडद्यावर दाखवणारी सोय बंद, मुख्य फोनलाइनही बंद. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या कंट्रोलरना धोका दिसला होता. ते फोन लावत राहिले, लागला नाही. झुरिकचा माणूस तेव्हा दुसऱ्या टेबलावर, उशिरा आलेल्या एका विमानाला फ्रीडरिक्सहाफेनला उतरवायच्या खटपटीत होता.

दोन्ही कॉकपिटमध्ये 'ट्रॅफिक' वाजलं. सात सेकंदांनी कंट्रोलरच्या लक्षात आलं आणि त्यानं तुपोलेवला ३५ हजारांवर उतरायला सांगितलं. आणखी सात सेकंदांनी टीकॅस बोलला: तुपोलेवला 'क्लाइंब', बोइंगला 'डिसेंड'. बोइंगनं ऐकलं. तुपोलेवमध्ये को-पायलटनं सांगितलं की हा वर जा म्हणतोय. उत्तर मिळालं, तो आपल्याला खाली नेतोय. कंट्रोलरनं हुकूम पुन्हा दिला. बोइंगच्या टीकॅसनं आणखी वेगानं उतरायला सांगितलं, तुपोलेवच्या टीकॅसनं आणखी वेगानं चढायला. दोन्ही विमानं उतरतच राहिली. पहिल्या 'ट्रॅफिक'पासून ५० सेकंदांनी, ३४,८९० फुटांवर, जवळजवळ काटकोनात टक्कर झाली. ७१ माणसं गेली. त्यांत ५२ मुलं होती, बहुतेक उफा शहरातली, सुट्टीला निघालेली.

'तो आपल्याला खाली नेतोय' यातला तो म्हणजे माणूस. माझ्या सिम्युलेटरमधला मुलगा त्याच जागी उभा होता.

---

खिडकीपाशी

वाचताना अंगावर काटा आला. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

एक अनुभव सांगते. दिल्लीहून पुण्याला येत होते, कंपनीचं नाव नको. खाली उतरायला सुरुवात झाली होती. अचानक लिफ्ट वर निघावी तसं झालं, खुर्चीत दाबल्यासारखं. ट्रॉली धरून उभी असलेली मुलगी मटकन खाली बसली. अर्ध्या मिनिटानं सगळं पूर्ववत. कोणी काही बोललं नाही. उतरताना विचारलं तर 'टर्ब्युलन्स होता मॅम'. बाहेर आकाश निरभ्र होतं. हे टीकॅसचं असू शकतं का? आणि असेल तर सांगायला काय जातं?

---

डावी_खुर्ची

ताई, तेच होतं असं इथून ठामपणे सांगता येणार नाही, पण वर्णन जुळतं. उतरत असताना 'क्लाइंब' आला तर आधी उतार मोडावा लागतो, त्यामुळे खुर्चीत दाबल्यासारखं होतंच.

सांगायला हवं होतं, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या अर्ध्या मिनिटात पायलट प्रवाशांशी बोलूच शकत नाही. पण पाच-दहा मिनिटांनी 'दुसऱ्या विमानापासून सुरक्षित अंतर ठेवण्यासाठी आम्ही उंची बदलली' एवढं सांगता येतं. मी दोनदा सांगितलं होतं. लोक घाबरले नाहीत, उलट उतरताना थांबून विचारपूस करून गेले.

---

शांत_फ्रिक्वेन्सी

मी रडारच्या खोलीतला. उबरलिंगनवर बोलताना आमच्या बाजूचंही कोणीतरी बोलायला हवं.

त्या कंट्रोलरला टीकॅसनं काय हुकूम दिला हे दिसत नव्हतं. बोइंगच्या पायलटनं 'टीकॅस डिसेंट' असं कळवलं, पण तेव्हा टक्कर १३ सेकंदांवर होती आणि ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. त्यानं तुपोलेवला दुसरं विमान उजवीकडे असल्याचं सांगितलं, होतं ते डावीकडे. चुका त्याच्या झाल्याच. पण एका माणसाला रात्री दोन टेबलांवर एकटं बसवायची प्रथा त्यानं सुरू केली नव्हती. २००७ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयानं झुरिकचं नियंत्रण चालवणाऱ्या कंपनीच्या चार जणांना दोषी ठरवलं. तो मात्र ते बघायला नव्हता. फेब्रुवारी २००४ मध्ये, बायको आणि दोन्ही मुलं त्या विमानात गमावलेल्या एका माणसानं त्याला त्याच्या घराच्या दारात मारलं. या गोष्टीत खलनायक कोण, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

आता नियम सांगतो. पायलट 'टीकॅस आरए' म्हणाला की मी फक्त 'रॉजर' म्हणायचं. चढ, उतर, काही सांगायचं नाही. 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) येईपर्यंत त्याला अंतरात ठेवायची जबाबदारी माझ्याकडे नसते. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात, दिवसभर दर दहा सेकंदांनी बोलणाऱ्या माणसानं पडद्यावर दोन ठिपके चिकटताना बघत गप्प बसायचं असतं. माझ्या पहिल्या वेळी मी माइकच्या बटणावरून बोट उचलून हात मांडीखाली घेतला होता.

---

बारामती_कॅडेट

काका, एक शंका. मी सध्या फ्लाइंग करतोय, शंभर तास झालेत. उबरलिंगनच्या वेळी 'टीकॅसचं ऐका' हा नियम नव्हता का?

---

डावी_खुर्ची

अगदी योग्य जागी बोट ठेवलंस. होता आणि नव्हता. आरए पाळायची असं लिहिलेलं होतं, पण आंतरराष्ट्रीय नियमांत, कंपन्यांच्या पुस्तकांत आणि यंत्रणेच्या माहितीपत्रकात भाषा वेगवेगळी होती. काही ठिकाणी एटीसीच मुख्य असा अर्थ निघायचा. तुपोलेवच्या पायलटांनी वाचलेलं पुस्तक त्याच प्रकारचं होतं. जर्मन चौकशी अहवालानं हा विरोधाभास स्पष्टपणे मांडला. नोव्हेंबर २००३ मध्ये आयकाओनं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं) नियम निःसंदिग्ध केला: एटीसीची सूचना विरुद्ध असली तरी आरए पाळायची आणि तिच्या उलट कधीही जायचं नाही. अपवाद मोजके आहेत. स्टॉल (पंखांची उचल संपणं), विंडशिअर (वाऱ्याचा अचानक बदल) किंवा जमिनीवर आदळण्याचा इशारा वाजत असेल तर तो आधी.

यंत्रणेतही सुधारणा झाली. ७.१ ही पुढची आवृत्ती आली, तिच्यात दोन्ही विमानं एकाच दिशेला निघाली आहेत हे ओळखून हुकूम उलटा करायची क्षमता वाढवली.

---

तोक्योवासी

यात एक दुवा राहतोय, तो जोडतो. उबरलिंगनच्या १७ महिने आधी, ३१ जानेवारी २००१ला, अगदी हेच जपानमध्ये घडलं होतं. शिझुओका प्रांतातल्या याइझुजवळ, सुरुगा उपसागरावर. दोन्ही विमानं जपान एअरलाइन्सची: ९०७ जंबो आणि ९५८ डीसी-१०. शिकाऊ कंट्रोलरला ९५८ला खाली पाठवायचं होतं, तोंडातून ९०७ निघालं. ९०७च्या टीकॅसनं 'क्लाइंब' सांगितलं, पण कॅप्टन एटीसीच्या सूचनेप्रमाणे उतरतच राहिला. ९५८ला टीकॅसनं 'डिसेंड' सांगितलं होतं, म्हणून तेही खाली. शेवटच्या क्षणी डोळ्यांनी बघून विमान वाचवलं. ९०७मधली खाण्यापिण्याची ट्रॉली छताला जाऊन आदळली, शंभरेक माणसं जखमी झाली. दोन्हींत मिळून ६७७ लोक होते.

त्याचा अंतिम अहवाल जुलै २००२ मध्ये आला. उबरलिंगन होऊन गेल्यावर. इथे त्याबद्दल बोललं की माणसं थोडा वेळ गप्प होतात.

---

एव्हिऑनिक्सवाला

मी हँगरमध्ये हेच खोके काढतो-बसवतो. दोन गोष्टी.

लोक विचारतात की टीकॅस डावीकडे-उजवीकडे का वळवत नाही? कारण त्याला अंतर आणि उंची चांगली कळते, दिशा मात्र ढोबळ. म्हणून हुकूम फक्त वर किंवा खाली. पडद्यावरचे चौकोन-गोल बघून पायलटनं आपल्या मनानं वळायचं नाही, तेही याच कारणासाठी.

दुसरं, टीकॅस ट्रान्सपाँडरवर जगतो. समोरच्याचा ट्रान्सपाँडर मुका असेल तर टीकॅस आंधळा. २९ सप्टेंबर २००६ला ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलावर 'गोल' नावाच्या विमान कंपनीचं बोइंग ७३७ आणि एक छोटं लेगसी जेट समोरासमोर आले. लेगसीचा ट्रान्सपाँडर प्रक्षेपण करत नव्हता, त्यामुळे दोन्ही कॉकपिटमध्ये एकही इशारा वाजला नाही. ७३७मधले सगळे, १५४ जण गेले.

याचं उलटंही होतं. जमिनीवर ट्रान्सपाँडर तपासताना आम्ही यंत्राला खोटी उंची देतो. समजा ३० हजार फूट. तेव्हा अँटेनातून सिग्नल बाहेर निसटला तर वरून जाणाऱ्या खऱ्या विमानाला वाटतं की शेजारीच कोणीतरी आहे, आणि त्याला खोटी आरए मिळते. म्हणून अँटेनावर आच्छादन बसवल्याशिवाय मी चाचणीला हात लावत नाही. नवीन पोरगं घाई करत असेल तर मी स्वतः शिडीवर चढून आच्छादन हातानं हलवून बघतो.

---

शांत_फ्रिक्वेन्सी

एव्हिऑनिक्सवाला, त्या आच्छादनासाठी तुम्हाला आमच्या सगळ्या खोलीचा नमस्कार.

ट्रान्सपाँडरचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं जंबो १४ हजार फुटांवर, समोरून दिल्लीला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन ७६, त्याला १५ हजारांवर थांबायला सांगितलेलं. ते थांबलं नाही, खाली आलं. ३४९ माणसं गेली. जगात हवेतल्या टकरीत याहून जास्त माणसं कधीच गेलेली नाहीत. टीकॅस दोन्हींत नव्हता. जायची-यायची वाट एकच होती. आणि दिल्लीच्या कंट्रोलरसमोरच्या रडारवर विमानाचा नुसता ठिपका दिसायचा, उंची दिसत नव्हती. उंची दाखवणारं रडार कार्यान्वित व्हायचं होतं. पायलट तोंडी जे सांगेल तेच खरं धरायचं.

न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगानं चौकशी केली. पुढे डीजीसीएनं (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं) भारतात उडणाऱ्या मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचा केला. आज नागपूरच्या आकाशात उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम वाटा एकमेकींना छेदतात, विमानं हजार-हजार फुटांच्या थरांत जातात, तेव्हा प्रत्येकात तो खोका असतो. त्याची किंमत हरियाणातल्या त्या शेतांत मोजली गेली.

आणि खिडकीपाशी, तुम्ही दिल्ली-पुणे म्हणालात म्हणून: फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या हवाई हद्दीत दिल्ली-पुणे आणि मुंबई-भोपाळ अशी दोन विमानं फार जवळ आली होती. बातम्यांत उभं अंतर १०० फूट छापून आलं. तेव्हाही टीकॅस बोलला आणि आरए पाळली गेली. दुसऱ्या दिवशी लोक नेहमीसारखे कामावर गेले.

---

कोकणकडा

सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रश्न मात्र सुटत नाही. माणूस थबकतो हे माहीत आहे, यंत्रं आपसात ठरवतात हेही माहीत आहे. मग मध्ये माणूस हवाच कशाला? ऑटोपायलटनंच करून टाकावं.

आणि जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला विमान आणि हेलिकॉप्टरची टक्कर झाली, ६७ जण गेले. तिथे टीकॅस कुठे होता?

---

डावी_खुर्ची

वॉशिंग्टनचं आधी. प्रवासी विमान उतरत होतं, टक्कर झाली ती जमिनीपासून सुमारे ३०० फुटांवर. टीकॅसनं 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' सांगितलं होतं, साधारण २० सेकंद आधी. पण जमिनीपासून हजारेक फुटांखाली आरए मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तिथे 'डिसेंड' म्हणणं म्हणजे जमिनीत घालणं, आणि विमानतळाजवळ इतकी विमानं असतात की इशारे सतत वाजत राहतील. तिथे अंतर राखायचं ते आखलेल्या वाटांनी, एटीसीनं आणि डोळ्यांनी. त्या रात्री तेच कमी पडलं. टीकॅस ही शेवटची जाळी आहे आणि ती जमिनीपर्यंत पोचत नाही.

आता ऑटोपायलट. तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते सुरूही झालंय. एअरबसनं ए३८०पासून ही सोय आणली, २००९ मध्ये तिला मान्यता मिळाली. आरए आली की ऑटोपायलट स्वतःच ती उडवतो, पायलट लक्ष ठेवतो. माझं मत विचाराल तर जिथे ती आहे तिथे वापरावी. थबकायचा प्रश्न नाही आणि घाबरून जास्तीचं ओढायचाही नाही. जास्तीचं ओढणं ही दुसरी चूक, तिच्यानं माणूस नियोजित उंचीच्या पार जाऊन तिसऱ्याच्या वाटेत शिरतो.

पण हजारो विमानांत ती सोय नाही. त्यांत हात माणसाचाच आहे.

---

स्टुटगार्टकर

उबरलिंगन आमच्याकडून गाडीनं दीड-दोन तासांवर. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो होतो. बोडेनझे तळ्याच्या वरच्या अंगाला, सफरचंदांच्या बागांच्या पलीकडे स्मारक आहे. तुटलेली मोत्यांची माळ: स्टीलचे मोठमोठे गोळे, धागा तुटून गवतात घरंगळल्यासारखे. लांबून कलाकृती वाटते. जवळ गेलो तेव्हा एका गोळ्यात माझाच चेहरा आणि मागचं आकाश दिसलं. आकाशात त्या वेळीही दोन विमानांच्या पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदत होत्या, वेगवेगळ्या उंचीवर.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं विचारलं, "बाबा, माळ परत ओवत का नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

---

बारामती_कॅडेट

काका, तुमच्या त्या को-पायलटचं पुढे काय झालं? नापास केलंत का? आणि मी आत्तापासून काय सवय लावू?

---

डावी_खुर्ची

स्टुटगार्टकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

कॅडेट, नापास नाही केलं. त्याच रात्री चहाला बसलो आणि त्याला उबरलिंगनचे ते ५० सेकंद घड्याळ लावून ऐकवले. मध्ये काही बोललो नाही, फक्त कुठल्या सेकंदाला कोण काय म्हणालं तेवढं. ५० सेकंद किती लांब असतात हे तेव्हा कळतं. चहा गार झाला. नंतर तो म्हणाला, "सर, त्यांच्याकडे वेळ होता."

तुझ्यासाठी एकच. तुझ्या ट्रेनरमध्ये टीकॅस नसेल, तरी रोज एकदा डोळे मिटून हातानं कर आणि तोंडानं म्हण: 'ऑटोपायलट बंद, डायरेक्टर बंद, हिरव्यात, टीकॅस आरए.' 'अनेबल, टीकॅस आरए' हेही म्हणून बघ. रेडिओवरच्या वडीलधाऱ्या आवाजाला 'जमणार नाही' म्हणायची आपल्या पोरांना सवय नसते. ते तीन शब्द जिभेवर बसलेले हवेत.

शुक्रवारी त्या मुलाचा पुन्हा स्लॉट आहे. या वेळी एटीसी म्हणून मी आणखी घाईनं, आणखी मोठ्यानं बोलणार आहे, आणि एकदा नाही, तीनदा.